जुनी पिकअप आणि दरवर्षीची पासिंग: वापरानंतरचा अनुभव

गाडी डिझेल, टर्बो. पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई), मागे पाटे आणि ड्रम ब्रेक, लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारखी चॅसिस, तिच्यावर केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. वय पंधराच्या पुढे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या बांधणीची कुठलीही पिकअप घ्या, तपासणीत दुखणी साधारण हीच निघतात. मी ती जुनीच घेतली, रोज माल वाहतो. माझ्याकडे आल्यावर पहिल्या तपासणीत, म्हणजे पासिंगला, ती नापास झाली, त्यानंतर पास होत आली आहे.

जुनी गाडी म्हटलं की सगळे इंजिनाची चौकशी करतात. तपासणाऱ्याला मात्र इंजिन किती ओढतं, क्लच घसरतो का, गिअर अडकतो का, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. गाडी थांबते का, नीट वळते का, दिवे लागतात का, धूर किती आणि काही तुटून पडणार नाही ना, एवढंच तो बघतो. त्यामुळे चढावर दम खाणारी गाडी आरामात पास होते आणि मख्खन चालणारी गाडी मागच्या चाकाशी तेल अडवणाऱ्या एका ऑइल सीलपायी परत पाठवली जाते.

पिकअपची गोची निराळीच आहे. ती आयुष्यभर भरलेली धावते, पण तपासणीला बहुतेक वेळा रिकामी उभी राहते. मागचा ब्रेक, पाटे, हेडलाइटचा झोत ही सगळी जुळणी वजनाप्रमाणे बदलते. कारवाल्याला हा प्रश्न एवढा कधीच पडत नाही.

आमची गाडी अडली ती ब्रेकच्या रोलरवर. रोलर चाक फिरवतात, तुम्ही हळूहळू पेडल दाबता आणि प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजला जातो. युरोपीय संघाच्या नियमांत एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक ३० टक्क्यांवर गेला की गाडी नापास. इतर देशांतही तत्त्व हेच. आमचं मागचं डावं चाक जवळजवळ धरतच नव्हतं. ड्रम उघडला तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) गिअर ऑइलमध्ये भिजलेले. मेकॅनिक म्हणाला, सील बदलू, लायनर बदलू, झालं. पण सील गेलं कशामुळे, हे बघायला हवंच होतं. अ‍ॅक्सलच्या नळीवर हवा जायला एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की तापलेल्या अ‍ॅक्सलमधली हवा कोंडते आणि दाबाखाली तेल सीलमधून वाट काढतं. ब्रीदर साफ न करता नवं सील बसवलं असतं तर पुढच्या तपासणीपर्यंत लायनर पुन्हा भिजले असते. जुनी पिकअप असेल तर हा ब्रीदर आजच हाताने चाचपून बघा. साफ करायला काही लागत नाही आणि कोणी आपणहून सांगतही नाही.

लायनर बदलल्यावर डावं-उजवं जुळलं, तरी मागचा एकूण जोर कमीच येत होता. मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडा जातो. हौदा भरून खाली बसला की दांडा सरकतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी असताना दाब कमी, म्हणजे हलकी झालेली मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जात नाही. आधीच्या मालकाने जास्त माल भरता यावा म्हणून पाट्यांत एक जादा पाटा घातला होता. त्यामुळे मागची बाजू कायम उंच राहायची, आणि हौदा भरला तरी गाडी रिकामीच आहे असं व्हॉल्व्हला वाटायचं. म्हणजे पूर्ण मालावर उतारावरून येताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर! रोलरवर हे आकड्यात तरी दिसलं. रस्त्यावर कळायला नको त्या वेळी कळलं असतं. याच दांड्याचा सांधा गंजून एका जागी अडकणं हा दुसरा नेहमीचा आजार. भरलेल्या अवस्थेत अडकला तर रिकामी गाडी मागून घसरते, रिकाम्या अवस्थेत अडकला तर रिकाम्या गाडीच्या तपासणीत पत्ताही लागत नाही.

जादा पाटा काढला, दांड्याची लांबी मॅन्युअलमधल्या मापाला लावली. आता मागची बाजू खाली आली, तर हेडलाइटचा झोत वर गेला! फोकस पुन्हा लावावा लागला. पाट्यांना हात लावला की फोकस तपासायचा, हे तेव्हापासून पक्कं झालं. डॅशबोर्डवर झोत खालीवर करायची चकती असेल तर तपासणीला जाताना ती शून्यावर ठेवा.

हँडब्रेक हा तर हक्काचा नापास. युरोपात गाडीच्या मालासह कमाल मान्य वजनाच्या किमान १६ टक्के जोर लागतो. ऐकायला कमी वाटतं, पण गिअरमध्ये उभी करायची सवय असलेल्या गाडीची केबल नळीतच गंजलेली असते. नुसती केबल ताणून भागत नाही. आधी ड्रममधला अ‍ॅडजस्टर मोकळा करून लायनर ड्रमजवळ आणायचे, मग केबल. उलट क्रमाने केलं की लिव्हर वर येतो, ब्रेक मात्र लागत नाही.

पुढच्या बाजूने फार त्रास दिला नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं, तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक वळतं तो सांधा. टॉर्शन बारच्या गाडीत भार बहुधा खालच्या आर्मवर असतो, म्हणून जॅक आर्मखाली लावा. चॅसिसखाली लावला तर जॉइंट ताणलेलाच राहतो आणि प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, लपतो.

धुराची चाचणी उभ्या गाडीवर होते: न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायचा, असं काही वेळा. युरोपात जुन्या टर्बो डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा ३.० प्रति मीटर आहे. कोमट इंजिन घेऊन गेलात तर चांगली गाडीही काळं ओकते. सलग चालवून इंजिन नीट तापवूनच रांगेत लागा, आणि त्याआधी एअर फिल्टर बघा. टायमिंग बेल्टवाल्यांनी बेल्टची मुदत संपलेली नाही ना, तेही बघावं, कारण ही चाचणी इंजिनाला सोपी नसते.

टायरला १.६ मिलिमीटर खाच ही किमान मर्यादा बऱ्याच देशांत चालते. पिकअपच्या टायरची खाच सहसा शिल्लक असते, भेगा बाजूच्या भिंतीवर पडतात. तिथेच चार आकडी तारीख असते; २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा.

मागचे दिवे मंद लागणं, इंडिकेटरबरोबर ब्रेकलाइट लुकलुकणं, हा बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ. बल्ब बदलत बसण्यापेक्षा हौद्यापासून चॅसिसला एक स्वच्छ वायर टाकली की संपलं.

आता खरी भीती: गंज. ब्रेक, सीलं, जॉइंट हे सगळं सुटं आहे, सुटे भागही मिळतात, आणि कामाला जागा भरपूर. म्हणूनच या बांधणीच्या गाड्या टिकतात. चॅसिस मात्र बदलायची गोष्ट नाही. ती पोकळ आहे आणि गंजते आतून. पाटा चॅसिसला जोडणाऱ्या हँगरपाशी, डिझेलच्या टाकीवर, हौद्याच्या माउंटिंगखाली चिखल साठतो आणि ओला राहतो. तपासणारा छोट्या हातोडीने ठोकत जातो. टणक आवाज आला तर ठीक, बसका आला की तो तिथेच थांबतो. ब्रिटनच्या एमओटी या वार्षिक वाहन तपासणीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्टच्या माउंटिंगपासून ३० सेंटीमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंजाने कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. हा आकडा मला शहाणपणाचा वाटतो. जुनी गाडी बघायला जाताना मी आता तेवढाच भाग आधी बघतो. खालून ताजा काळा रंग फासलेली गाडी दिसली तर मी आणखी वाकून बघतो. गंजावर जाड कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा अधिक लवकर जातो.

ज्याला वर्षाकाठी एकदा गाडीखाली शिरायची तयारी नाही, त्याने ही गाडी घेऊ नये. ज्याची आहे, त्याला तपासणीचा कागद फुकटच्या दुरुस्ती-यादीसारखा वापरता येतो. आमच्या शेवटच्या कागदावर गाडी पास, पण उजव्या मागच्या हँगरजवळ 'वरवरचा गंज, लक्ष ठेवावे' अशी नोंद आहे. वरवरचा की आतला, हे हौदा उतरवल्याशिवाय समजणार नाही. माउंटिंगचे बोल्ट गंजलेले असणारच, म्हणून आतापासून त्यांच्यावर तेल सोडतोय. दिव्यांची वायर आणि डिझेल भरायची नळी सोडवली की चार माणसांत हौदा उचलला जाईल.