कोरलवॉचचं रंगपत्रक: एका फेरीपुरतं घेणार असाल तर राहू द्या

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचं, प्रवाळाचा रंग मोजायचं हे चौकोनी प्लास्टिकचं कार्ड २००२ पासून वापरात आहे. चार बाजूंना बी, सी, डी, ई अशा चार छटा आणि प्रत्येक छटेच्या सहा पायऱ्या: १ जवळजवळ पांढरी, ६ गडद. प्रवाळाचा तपकिरी रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि रंग उतरतो. त्याच ठिकाणी पुढच्या फेरीत दोन पायऱ्यांची घट दिसली तर ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याची, शंका घ्यायची.

वाटेत येईल ती प्रवाळाची वसाहत मोजा. पांढऱ्या दिसतात म्हणून त्याच निवडल्या, तर आकडे आधीच वाकडे होतात. कार्ड प्रवाळाशेजारी धरून फिरवा, सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग टिपा (डी२, डी५ असं) आणि पुढे आकार लिहा: फांद्यांचा, गोलसर, ताटासारखा की मऊ. फांद्यांची वाढती टोकं मुळातच पांढरी असतात, ती सोडा. एका फेरीत निदान २० वसाहती हव्यात. टॉर्च वापरलात तर उजेड कार्डावर आणि प्रवाळावर सारखा पडू द्या. कार्डाशिवाय काढलेल्या फोटोवरून घरी रंग जुळवणं व्यर्थ. पाणी लाल रंग आधी गिळतं.

उणिवा आहेतच. निळ्या-जांभळ्या वसाहतींना जोड सापडत नाही. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ चढलं की नवखा माणूस बिनधास्त ५ लिहितो! शिवाय रंग ऋतूप्रमाणे थोडा बदलतोच, म्हणून मेची तुलना मेशीच करा. उतरण उष्णतेने झाली की गाळाने, हे कार्ड सांगत नाही. त्यासाठी नोआ या अमेरिकी सागर-हवामान संस्थेच्या कोरल रीफ वॉचचे मोफत उपग्रह-नकाशे जोडीला ठेवा: साचलेली उष्णता ४ अंश-आठवडे (उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एक अंश जास्त आठवडाभर राहिलं की एक) झाली की ब्लीचिंगचा, ८ वर प्रवाळ मरण्याचा धोका.

मालवणच्या गढूळ पाण्यात कार्ड हातभर लांब धरलं तरी छटा कळत नाही, आणि जवळ जावं तर लाट ढकलते. तोल सावरायला प्रवाळ धरू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. पाणी निवळ असेल त्या दिवशी, ओहोटीला जा. कार्ड मनगटाला दोरीने बांधा, नंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा. छटा उडालेलं कार्ड टाकून नवं घ्या.