जुनी पेटी, नवी घडण: जेबीएल एल१०० क्लासिक

जेबीएल या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये आणलेला एल१०० क्लासिक हा स्पीकर समोर ठेवला, की पहिली नजर जाते ती त्याच्या जाळीकडे. चौकोनी उंचवट्यांच्या रांगा असलेली ही जाडजूड फोमची जाळी काळ्या, नारिंगी आणि गडद निळ्या रंगांत आली, आणि १९७० च्या मूळ एल१०० ची ओळखही हीच होती. जाळी काढली, की पांढऱ्या वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या युनिटचा, चेहरा तेवढा ओळखीचा दिसतो. त्यामागे मात्र १९७० मधले फारसे काही उरलेले नाही. जुन्याची पुनर्निर्मिती म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल असे म्हणणे तक्रारीसारखे वाटेल, परंतु माझ्या मते हीच या स्पीकरची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

मूळ एल१०० घराघरांत पोहोचला, पण त्याचा जन्म स्टुडिओतला. जेबीएलच्या ४३१० या मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओत ध्वनिमुद्रण तपासून ऐकण्याच्या स्पीकरची, ती घरगुती आवृत्ती होती. त्या काळी अमेरिकी ध्वनिमुद्रण स्टुडिओंत आल्टेक ६०४ या स्पीकरचा दबदबा होता आणि ४३१० चा आवाज त्याच वळणाचा असावा, अशा बेताने तो घडवला गेला होता; म्हणूनच मधल्या पट्टीतला आवाज, म्हणजे गायकाचा गळा, गिटार आणि ट्रम्पेट, थोडा पुढे येऊन बोलत असे. क्रॉसओव्हर, म्हणजे कोणते स्वर कोणत्या युनिटकडे जायचे ते वाटून देणारे मंडल, तर जेमतेम होता. बारा इंची वूफरच्या वाटेत उच्च स्वर अडवणारी कॉइलच नव्हती. तो आपल्या अंगच्या मर्यादेमुळे वर जाऊन आपोआप क्षीण होई आणि तोवर मिडरेंजच्या, म्हणजे मधले स्वर वाजवणाऱ्या युनिटच्या, प्रांतात बऱ्यापैकी घुसखोरी करून चुके. त्या आवाजातला जोम आणि त्यातला गोंधळ, दोन्ही बऱ्याच अंशी इथूनच येतात. ज्यांनी हा स्पीकर तरुणपणी ऐकला, त्यांना त्यातला जोम लक्षात राहिला, हे साहजिकच आहे.

नव्या आवृत्तीत बारा इंची पांढरा कागदी वूफर कायम आहे, पण तो साधारण ४५० हर्ट्झलाच सूत्रे सव्वापाच इंची मिडरेंजकडे सोपवतो आणि ३.५ किलोहर्ट्झच्या वर एक इंची टायटॅनियम डोमचा ट्विटर, म्हणजे उच्च स्वर वाजवणारे युनिट, काम पाहतो. हा फेरफार कागदावर किरकोळ दिसतो. ऐकताना तसा तो राहत नाही. एक हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते, म्हणजे जवळपास या वूफरच्या रुंदीएवढीच, आणि त्याच्या वर गेल्यास एवढा मोठा पडदा ध्वनी खोलीभर न पसरवता समोरच्या झोतात फेकू लागतो. जुन्या पेटीसमोरून थोडे बाजूला सरकले, की आवाजाचा रंग बदलत असे, त्याचे हे एक कारण. नव्यात सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसालाही गाणे बऱ्यापैकी सारखेच ऐकू येते.

ऐकण्याचा अनुभव सांगायचा, तर तबल्याचा डग्गा असो किंवा ड्रम सेटमधला किक ड्रम, आघाताचा पहिला क्षण ज्या सहजतेने येतो, ती सहजता साडेसहा इंची वूफर असलेल्या सडपातळ, मनोऱ्यासारख्या उभ्या स्पीकरांत मला क्वचितच आढळली आहे. अतिखोल खर्ज हा काही त्याचा प्रांत नाही; त्याची खरी ताकद अतिखोल खर्जाच्या जरा वरच्या पट्टीत, डबल बेसच्या तारेवर बोट आपटते तिथे आहे. गायकाचा आवाज मूळ स्वभावाला जागून किंचित पुढे येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांत मात्र व्हायोलिनच्या ताफ्याला थोडी अधिक चकाकी चढते आणि रंगमंचाची खोली काहीशी उथळ वाटते. ज्याला ध्वनिमुद्रणाचे तटस्थ दर्शन हवे, त्याने दुसरीकडे पाहावे.

दर्शनी भागावर मिडरेंज आणि ट्विटर यांची पातळी कमीजास्त करण्याच्या दोन खुंट्या आहेत. मूळ स्पीकरवर त्यांना ‘प्रेझेन्स’ आणि ‘ब्रिलियन्स’ अशी ऐटबाज नावे होती. त्या केवळ शोभेच्या नाहीत. उघड्या फरशीच्या, भिंती सुन्या असलेल्या खोलीत ट्विटर जरासा खाली आणला, की बराच फरक पडतो. एका स्पीकरचे वजन २६.७ किलो आहे, आणि ३९ सेंटिमीटर रुंदीची ही पेटी नेहमीच्या उंच स्टँडवर चढवायची नसते. तिच्यासाठी मागे कललेले बुटके स्टँड वेगळे घ्यावे लागतात. थेट जमिनीवर ठेवल्यास खर्ज फुगतो. नाममात्र रोध ४ ओहम, म्हणजे कमी, असल्यामुळे अॅम्प्लिफायरही तेवढा भार पेलणारा हवा.

असे अवजड धूड लोकांना पुन्हा का हवेसे वाटते, याचे उत्तर केवळ स्मरणरंजनात शोधणे मला पटत नाही. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनक्षमता (थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज देण्याची क्षमता), या तिन्हींपैकी दोनच मिळतात. पुढच्या काळातल्या बहुतेक घरगुती स्पीकरांनी लहान पेटी आणि खोल खर्ज निवडला व किंमत संवेदनक्षमतेत मोजली. एल१०० क्लासिकची संवेदनक्षमता ९० डेसिबल आहे; ८४ डेसिबलच्या स्पीकरला त्याच पातळीवर आणायचे, तर चौपट वॅट लागतात. व्हार्फडेल या ब्रिटिश कंपनीच्या लिंटन स्पीकरलाही हाच न्याय लागू पडतो: १९६५ चे नाव, आठ इंची वूफर, तीस सेंटिमीटर रुंद पेटी आणि पुन्हा ९० डेसिबल.

अर्थात बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर या हिशेबात बसत नाही. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेसाठी १९७० च्या दशकात घडलेला, जेमतेम तीस सेंटिमीटर उंचीचा, ८२-८३ डेसिबलचा हा बंद डबा खर्जाच्या बाबतीत अगदीच गरीब आहे; तरीही मानवी आवाजाच्या नेमकेपणासाठी तो आजही नव्याने बनवला जातो. फाल्कन अकूस्टिक्सच्या आवृत्तीत तर केईएफ कंपनीच्या मूळ बी११० वूफर आणि टी२७ ट्विटर या युनिटांच्या धर्तीवरची युनिटे नव्याने घडवली गेली, आणि ती मूळ युनिटे ज्यांनी रचली होती, ते माल्कम जोन्स फाल्कनचेच संस्थापक. तिथे निष्ठा हेच उद्दिष्ट आहे आणि ते योग्यही आहे, कारण मूळ आराखडाच बीबीसीच्या संशोधन विभागाने काटेकोरपणे बांधलेला होता. एल१०० च्या मूळ क्रॉसओव्हरबद्दल तसे म्हणता येणार नाही.

मग पुनर्निर्मिती सोडून सरळ १९७० च्या दशकातली जोडीच का घेऊ नये? घ्यावी, पण पारखून. एल१०० च्या मूळ वूफरच्या पडद्याभोवतीची लवचिक कड लेप दिलेल्या कापडाची असल्यामुळे ती सहसा टिकते. त्या काळानंतरच्या असंख्य स्पीकरांची फोमची कड मात्र पंधरा-वीस वर्षांत चुरा होऊन गळते आणि ती बदलून घ्यावीच लागते. एल१०० ची फोमची जाळीही याच रोगाने जाते: बोट लावले, की काळपट भुकटी हाताला चिकटते. समोरच्या दोन्ही खुंट्या स्पीकर चालू असताना सावकाश फिरवून पाहाव्यात. खरखर आली किंवा ट्विटर मधेच गप्प झाला, तर आतले संपर्क गंजले आहेत असे समजावे. वूफरच्या पांढऱ्या पडद्यावर बोटे टेकवून तो दोन्ही बाजूंनी सारखा दाब देत आत ढकलावा आणि घासल्याचा आवाज येतो का, ते कान लावून ऐकावे. एका पेटीत मूळ वूफर आणि दुसरीत बदललेला, अशी विजोड जोडी असेल, तर जाळी कितीही सुंदर असली तरी ती घेऊ नये.