पत्त्यांची लेबले घरच्या संगणकावर : एक्सेल-वर्ड, लिब्रेऑफिस की ॲक्सेस?

मुंबईतील गृहनिर्माण संस्था, ज्ञातिमंडळ, वाचनालय किंवा दिवाळीला अंक काढणारी एखादी छोटी संस्था यांच्याकडे साधारण दोनशे ते हजार पत्ते असतात आणि वर्षातून दोन-चार वेळा ते पाकिटांवर चिकटवण्याची वेळ येते. हे काम घरच्या संगणकावर करण्याचे तीन मार्ग आज सहज उपलब्ध आहेत. एक्सेलमध्ये यादी ठेवून वर्डच्या मेल मर्जने (यादीतील प्रत्येक नोंद एकाच साच्यात आपोआप भरण्याच्या सोयीने) लेबले छापता येतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखी शीट) किंवा बेसमध्ये (ॲक्सेससारखा डेटाबेस) यादी ठेवून लेबले रायटरमधून (वर्डसारखा लेखनाचा प्रोग्राम) छापता येतात. किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये रीतसर डेटाबेस, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा संच, उभारून त्याच्याच लेबल विझार्डचा (पायरीपायरीने लेबले घडवणाऱ्या सोयीचा) उपयोग करता येतो. लेबल तिन्हींतून सारखेच निघते आणि ते कशातून निघाले याच्याशी पोस्टमनला कर्तव्य नसते. फरक पडतो तो यादी सांभाळताना, म्हणून निवड करताना छपाईपेक्षा यादी किती आणि कशी बदलते याचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत मुंबईची स्वतःची एक अडचण आहे. इमारत पुनर्विकासाला गेली की सगळे सभासद दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरांत पांगतात. कोणी बोरिवलीला, कोणी डोंबिवलीला, कोणी मुलाकडे पुण्याला. मूळ पत्ता संस्थेच्या नोंदींसाठी ठेवावाच लागतो, पत्र मात्र तात्पुरत्या पत्त्यावर जायला हवे, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की तो तात्पुरता पत्ताही बदलतो. म्हणजे माणूस एक, पत्ते दोन किंवा तीन, आणि त्यांपैकी चालू एकच. वर्गणीदारांच्या यादीत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने येते : माणूस एक, वर्गणीच्या नोंदी अनेक. अशी गुंतागुंत नसेल तर डेटाबेसच्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही, एका शीटवर काम उत्तम भागते.

एक्सेल आणि वर्ड यांच्या जोडीचा मोठा गुण म्हणजे ती बहुतेकांना येते. चिटणीस बदलले तरी नव्या चिटणीसांना फाइल उघडून पत्ता दुरुस्त करता येतो, आणि हौशी कार्यकर्त्यांवर चालणाऱ्या संस्थेत ही बाब अजिबात क्षुल्लक नाही. दोष आहे तो एक्सेलच्या अतिहुशारीत. चाळीतील खोलीचा क्रमांक ३/१२ असा इंग्रजी अंकांत टंकला की एक्सेल त्याची तीन डिसेंबर ही तारीख करून टाकते आणि लेबलावर खोलीच्या जागी तारीख छापली जाते. नंतर त्या रकान्याचे स्वरूप बदलून उपयोग होत नाही, कारण मूळ मजकूर तोवर गेलेला असतो. त्यामुळे एकही पत्ता भरण्यापूर्वी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ या प्रकारात आणून ठेवणे हाच उपाय आहे. पिन कोडचा घोटाळा याहून लपलेला असतो. बहुतेक ठिकाणी ४०००२८ असा सलग आकडा आणि काही ठिकाणी ४०० ०२८ असा जागा सोडून लिहिलेला मजकूर असे मिश्रण एकाच रकान्यात असेल, तर वर्ड सुरुवातीच्या काही ओळी पाहून तो रकाना आकड्यांचा ठरवते, आणि वेगळ्या रीतीने लिहिलेले पिन लेबलावर रिकामे किंवा शून्य होऊन येतात. पडद्यावर पहिले पान नीट दिसते आणि चूक चौथ्या पानावर असते.

वर्डमध्ये लेबलांचा मेल मर्ज करताना पहिल्या लेबलात रकाने बसवल्यावर ‘अपडेट लेबल्स’ हे बटण दाबायचे राहिले, तर पानावरचे पहिलेच लेबल भरते आणि बाकीची कोरी राहतात. मेल मर्ज जमत नाही म्हणून हात टेकणाऱ्यांपैकी पुष्कळांची गाडी इथेच अडलेली असते.

लिब्रेऑफिस मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि त्यात लेबलांसाठी वेगळा दस्तऐवज प्रकारच दिलेला आहे. तेथे लेबलाची मापे निवडून ‘सिंक्रोनाइझ’चा पर्याय लावला की पहिल्या लेबलातील मांडणी एका बटणाने सगळ्यांवर उमटते. कॅल्कमधील यादी बेसला जोडता येते. मात्र अशी जोडलेली यादी बेसमधून फक्त वाचता येते, दुरुस्ती कॅल्कमध्येच करावी लागते. खरा डेटाबेस हवा असेल तर टेबल बेसमध्येच करावे लागते, आणि त्याच्या नेहमीच्या अंतर्गत इंजिनासाठी संगणकावर जावा हे वेगळे सॉफ्टवेअर असणे आवश्यक असते. मराठी लेबलांच्या बाबतीत एक खाचखळगा येथे मुद्दाम सांगतो. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार रोमन लिपीपासून वेगळा ठरवलेला असतो. लेबलात बसवलेल्या रकान्याचे नाव रोमन अक्षरांत असेल, तर आपण निवडलेला आकार त्या नावाला लागतो, आणि छापताना तेथे मराठी पत्ता आला की तो देवनागरीसाठी ठरलेल्या दुसऱ्याच आकारात येऊन लेबलाबाहेर सांडतो. कॅरॅक्टरच्या चौकटीत दोन्ही लिप्यांचे आकार एकदा लावले की हा त्रास संपतो.

ॲक्सेसचे बळ नेमके पुनर्विकासासारख्या प्रसंगी दिसते. सभासदांचे एक टेबल, पत्त्यांचे दुसरे, प्रत्येक पत्त्यापुढे ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा तारखा, आणि आजच्या तारखेला चालू असलेला पत्ता तेवढा उचलणारी एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला साठवलेला प्रश्न), एवढी मांडणी केली की कोणाचा करार कधी संपला हे डोक्यात ठेवावे लागत नाही. बेसमध्येही हीच मांडणी होते; पण ॲक्सेसचा लेबल विझार्ड मापे, फाँट, ओळींची रचना आणि क्रम एकामागून एक विचारत लेबलांचा तयार रिपोर्ट हाती देतो, आणि पत्त्याची एखादी ओळ रिकामी असेल तर खालच्या ओळी आपोआप वर सरकतात. पिन सहा अंकीच भरला जावा असे बंधनही टेबलातच घालता येते. एक्सेलमध्ये तसे बंधन घालता येते खरे, परंतु दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला मजकूर ते बिनदिक्कत ओलांडतो. नव्वदच्या दशकात डीबेस किंवा फॉक्सप्रो हे जुने डेटाबेस प्रोग्राम शिकलेल्यांना ‘लेबल फॉर्म’ ही आज्ञा आठवत असेल. लेबल छापणे हे त्या काळी डेटाबेसचे अंगभूत काम होते आणि ती परंपरा ॲक्सेसने चालू ठेवली आहे. (त्या प्रोग्रामांची डीबीएफ फाइल कोणाकडे पडून असेल तर कॅल्क ती आजही उघडते.) मात्र ॲक्सेस मॅकवर चालत नाही, आणि ज्यांनी ते उभारले ते गृहस्थ संस्थेतून बाहेर पडले की पुढच्या माणसाला त्यात हात घालण्याची भीती वाटते.

म्हणून पत्ते पाचशेच्या आत आणि बहुतांशी स्थिर असतील तर एक्सेल-वर्ड घ्यावे. ऑफिस विकत घेतलेले नसेल तर हेच काम कॅल्क आणि रायटर यांवर करावे. एका माणसाचे अनेक पत्ते किंवा वर्गणीच्या अनेक नोंदी असतील तर डेटाबेस करावा. त्यातही ॲक्सेस आधीपासून संगणकावर असेल आणि तो जाणणारी निदान दोन माणसे संस्थेत असतील तरच ते निवडावे, एरवी बेस पुरे.

निवड कोणतीही असो, पिनसाठी स्वतंत्र रकाना हवाच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिन कोडचे पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय, त्यामुळे पिनच्या क्रमाने छापलेली लेबले चिकटवली की गठ्ठे आपोआप लागतात. हाताने वाटप करायचे असेल तर मात्र हा क्रम दगा देतो : दादर पूर्वेचा पिन ४०००१४ आणि पश्चिमेचा ४०००२८, म्हणजे पुलाच्या दोन बाजू यादीत बऱ्याच दूर जातात. कार्यकर्त्यांकडून वाटप होत असेल तर पश्चिम, मध्य, हार्बर असा रेल्वेमार्गाचा आणि स्थानकाचा रकाना ठेवणे शहाणपणाचे. जुनी यादी युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये (ज्यात रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार दाखवले जात) टंकलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी, कारण त्यावाचून नावांचा अकारविल्हे क्रम तिन्ही प्रणालींत चुकतो.

छपाईविषयी थोडक्यात. ए-४ कागदावर २१ लेबले असलेल्या शीटमधील प्रत्येक लेबल ६३.५ बाय ३८.१ मिलिमीटरचे असते आणि त्यात मराठीच्या पाच ओळी सुटसुटीत बसतात. २४ लेबलांच्या शीटमध्ये वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला भिडू लागतात. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ बंद करून आकार शंभर टक्के ठेवावा, पहिले पान साध्या कागदावर छापावे आणि ते लेबलांच्या शीटवर ठेवून उजेडासमोर धरावे. गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी जावी लागते, म्हणजे लेबले छापली जातात ती नेमकी पावसाळ्यात. दमट हवेत शीट वाकते आणि प्रिंटरमध्ये अडकते, तर इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते. लेबलांच्या शीटचा गठ्ठा पिशवीतच ठेवून लागेल तेवढीच शीट बाहेर काढावीत, शक्यतो लेझर प्रिंटर वापरावा, आणि अर्धे वापरलेले शीट लेझरमध्ये पुन्हा घालू नये, कारण उष्णतेने सुटलेले लेबल आत ड्रमला चिकटले तर दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या लेबलांहून अधिक होतो.