ऊखीमठ: सासूबाईंचा केदार आणि मुलाचं चंद्रशिला, एकाच घरातून

सासूबाईंचं वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. चारधामपैकी केदारनाथ तेवढं राहिलं, हे त्यांच्या बोलण्यात दर दिवाळीला यायचं. गौरीकुंडापासूनचा सोळाएक किलोमीटरचा चढ त्यांना जमणार नव्हता आणि घोड्यावर बसायला त्या अजिबात तयार नव्हत्या. दुसरीकडे मुलगा वीस वर्षांचा, सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला; त्याला हिमालयात चालायचं होतं. दोघांना एकाच सहलीत कसं बसवायचं, या विचारात दोन वर्षं गेली. शेवटी दिवाळी झाल्यावर आम्ही उत्तराखंडातल्या ऊखीमठला पाच रात्री राहून आलो, आणि आता जो विचारेल त्याला मी हेच गाव सांगते.

भाऊबीजेच्या दिवशी केदारनाथाचं देऊळ हिवाळ्यासाठी बंद होतं. तिकडे त्याला 'कपाट बंद होणं' म्हणतात. त्यानंतर बाबांची, म्हणजे केदारनाथाची, पंचमुखी मूर्ती डोलीत बसून, वाटेत मुक्काम करत ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि पुढचे सहा महिने पूजा तिथेच होते. पंचकेदारांतल्या, म्हणजे तिकडच्या शंकराच्या पाच देवळांतल्या, मदमहेश्वराची हिवाळी गादीही इथलीच. पुढच्या वर्षी केदारनाथ कधी उघडणार, ती तारीखही महाशिवरात्रीला याच देवळात ठरते. आम्ही पोचलो तेव्हा डोली येऊन थोडेच दिवस झाले होते. देवळात गर्दी म्हणावी तर तीस-चाळीस माणसं, सगळी आसपासच्या गावांतली.

सासूबाईंना आधी शंका होती, की हे दर्शन धरायचं का. त्याचं उत्तर आम्ही उतरलो त्या घरातल्या आजींनी दिलं. त्यांना तिथं सगळे बोडी म्हणतात, म्हणजे थोरली काकी. त्या म्हणाल्या, "माताजी, थंडीत बाबा आमच्याकडेच राहतात. आम्ही शेजारी आहोत त्यांचे." दुसऱ्या दिवसापासून सासूबाई रोज संध्याकाळी आरतीला बोडींचा हात धरून जायला लागल्या. घरापासून देऊळ चालत सात-आठ मिनिटं, वाट बहुतेक सपाट, शेवटी थोड्या पायऱ्या. देवळाच्या आवारात उषा आणि अनिरुद्धाच्या लग्नाचा मंडप दाखवतात. गावाचं नावही बाणासुराच्या त्या उषेवरून पडलं असं सांगतात.

आता घराविषयी. हा होमस्टे म्हणजे खरोखर घर आहे, खाली कुटुंब राहतं आणि वर पाहुण्यांच्या चार खोल्या. दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता धरून आम्हाला माणशी रोजचे बाराशे रुपये पडले. अंथरूण-पांघरूण स्वच्छ, रजया जाडजूड. मात्र आमची पहिली खोली मागच्या बाजूची होती, भिंतीला ओल, रजईसुद्धा गार लागायची. सांगितल्यावर लगेच बदलून दिली. गरम पाणी बादलीने मिळतं, सकाळी सहानंतर. वीज पाच दिवसांत तीनदा गेली. वर जायचा जिना उंच पायऱ्यांचा आहे, त्यामुळे सासूबाईंसाठी खालची एक खोली मोकळी करून घ्यावी लागली. म्हातारं माणूस सोबत असेल तर हे आधीच फोनवर ठरवून घ्या.

जेवणाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. पहिल्या रात्री ताटात भाकरी आली, काळसर. सासूबाईंनी तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही तर नाचणी!" तिकडे तिला मंडुआ म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या. बोडी भिजवलेली गहत पाट्यावर वाटत होत्या, फाणू नावाच्या दाट कालवणासाठी. सासूबाईंनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, खिडकीच्या उजेडात धरले, एक दाणा दाताखाली फोडला. कुळीथ! आम्ही मूळचे गुहागरकडचे, कुळथाची पिठी आणि भात हे आमचं रोजचं जेवण. मग दोघींचं जे सुरू झालं ते तासभर. एकीला मराठी येत नाही, दुसरीचं हिंदी मोडकं. गहत मुतखड्यावर चांगली, हे बोडींनी पोटाला हात लावून सांगितलं आणि सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पण हेच सांगतात." वाटलेली गहत लोखंडी कढईत घोटत घोटत दाट होते, वरून तुपात जखिया तडतडवतात. जखिया म्हणजे मोहरीसारखे बारीक काळपट दाणे, पण चावले की कुरकुरतात आणि वास वेगळाच. गोडाला झंगोऱ्याची खीर होती. झंगोरा आपल्या भगरीच्या जातीचा, त्यामुळे सासूबाईंनी ती उपासालाही खाल्ली.

आम्ही दोघं मात्र पहाटे निघायचो. घरच्यांच्या ओळखीचा जीपवाला, सगळे त्याला भैजी म्हणायचे, साडेतीनला दारात हजर. चोपता इथून तीसेक किलोमीटर. तिथून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर, वाट फरसबंद, पण चढ सतत. पंचकेदारातलं हे सर्वात उंच देऊळ, ३६०० मीटरच्या वर. मी देवळापाशी थांबले, मुलगा पुढे दीड किलोमीटर चंद्रशिलेच्या शिखरावर गेला. वाटेच्या कडेला गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं होतं आणि हातमोजे असूनही बोटं दुखत होती. समोरच्या चौखंबा शिखरावर ऊन आलं तेव्हा मी देवळाच्या पायरीवर एकटीच होते. तुंगनाथ ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतं, तेव्हा दोन्ही साधायचं असेल तर भाऊबीजेनंतरचे थोडेच दिवस हाताशी असतात, आणि दिवाळी उशिरा आली तर तेही नसतात. बंद होण्याची तारीख आधी बघून मगच तिकिटं काढा.

देवरियाताल या डोंगरावरच्या तळ्याला मुलगा एकटा गेला. सारी गावापर्यंत शेअर जीप आणि पुढे अडीच-तीन किलोमीटरचा चढ. दुपारी तीनला घरी परत.

बरेच जण चोपत्यातच तंबूत राहतात. तरुणांना ठीक आहे. पण तिथं उंची २६०० मीटरच्या पुढे, थंडी कडक, दिवे सौरऊर्जेवर. ऊखीमठ १३०० मीटरवर आहे. सासूबाई दुपारी अंगणात नुसत्या शालीवर बसायच्या, समोर मंदाकिनीच्या पलीकडे गुप्तकाशी दिसायची. गावात दवाखाना आहे, औषधाची दुकानं आहेत. एटीएमवर विसंबू नका, आम्ही दोनदा रिकाम्या हाताने परतलो.

तक्रार एकच, आणि ती घराविषयी नाही. हरिद्वारला ज्या एजंटाकडून गाडी ठरवली, त्याच्या ड्रायव्हरने आम्हाला रुद्रप्रयागला उतरवलं. "ऊखीमठ ठरलंच नव्हतं," म्हणाला. पैसे पूर्ण दिलेले. सामान रस्त्यावर, सासूबाई दुकानाच्या फळीवर बसलेल्या, संध्याकाळचे पाच वाजलेले. घरी फोन केला तर भैजी चाळीसेक किलोमीटर गाडी काढून न्यायला आला आणि नेहमीच्या भाड्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. तेव्हा गाडी ठरवताना शेवटच्या गावाचं नाव लिहून घ्या आणि अर्धे पैसे पोचल्यावर द्या.

निघताना बोडींनी दोन किलो गहत बांधून दिली. पैसे घेईनात. सासूबाईंनी पिशवीतलं कोकम त्यांच्या ओट्यावर ठेवलं आणि सार कसं करायचं ते मला हिंदीत सांगायला लावलं. गेल्या आठवड्यात त्या गहतीची आमच्या पद्धतीने पिठी केली. दाणा आपल्या कुळथापेक्षा लवकर शिजतो.