सराव खुला ठेवावा की बंद? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा जुना वाद, नवी कारणं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सीझन तोंडावर आला की हा वाद ठरलेला: संघाचा सराव चाहत्यांना आणि पत्रकारांना बघू द्यावा का? शेवटचा शब्द बहुतेक ठिकाणी हेड कोचचाच असतो. तरीही विद्यार्थी संघटना, माजी विद्यार्थी, देणगीदार या सगळ्यांचं मत त्याच्या कानावर जातं. पर्ड्यू, मिशिगन, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांतून शिकून तिथेच स्थिरावलेली बरीच मराठी मंडळीही आता त्यात आहेत. तुमच्या विद्यापीठाने मत मागवलं असेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करून घ्या. चाहत्यांना आत सोडणं आणि पत्रकारांना आत सोडणं हे दोन निर्णय आहेत. पत्रकाराला अट घालता येते, ती मोडली तर पास काढून घेता येतो. स्टँडमध्ये बसलेल्या पाच हजार लोकांच्या खिशातल्या फोनना कुठली अट घालणार?

गुपितं फुटतात, पण कुठून?

दारं लावण्याचं सगळ्यात जुनं कारण म्हणजे डावपेच. नियमित सीझनमध्ये साधारण 12 सामने, बहुतेक आठवड्याला एक, आणि दर आठवड्याला समोरचा संघ बघून नवे प्ले, म्हणजे आधी आखलेल्या चाली, बसवायचे. त्यातला एखादा फसवा प्ले शनिवारच्या सामन्याआधी बाहेर पडला तर आठवड्याची मेहनत पाण्यात. हे भय खोटं नाही. पण ते सामन्याच्या आठवड्यापुरतं खरं आहे, वर्षभराचं नाही.

पीट कॅरल यूएससीत (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) हेड कोच असताना तिथल्या सरावाला चाहते, पत्रकार, हॉलिवूडचे नट असे सगळे यायचे. लॉस एंजेलिसच बोलून चालून! त्या काळात संघ एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत 2003 आणि 2004 अशी सलग दोन वर्षं अव्वल राहिला आणि सलग 34 सामने जिंकला. (त्यातले काही विजय एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, पुढे रद्द केले, पण त्या प्रकरणाचा खुल्या सरावाशी संबंध नव्हता.) त्याच विद्यापीठात 2012 साली हेड कोच लेन किफिन यांनी सरावात दिसलेल्या दुखापतींच्या बातम्या द्यायला मनाई केली. एका पत्रकाराला तेवढ्यावरून बाहेर ठेवलं आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. पुढे एका जखमी खेळाडूबद्दल प्रश्न आला तेव्हा स्वारी अर्ध्या मिनिटात पत्रकारांसमोरून उठून गेली. सीझनआधी पहिल्या क्रमांकावर असलेला तो संघ 7 विजय आणि 6 पराभवांवर थांबला. खुल्या सरावामुळे माणूस जिंकतो असं यातून सिद्ध होत नाही, कॅरलकडे खेळाडूच तसे होते. पण खुल्या सरावामुळे हरतो, असंही कोणी म्हणू नये.

याहून बोलकं प्रकरण वेक फॉरेस्ट विद्यापीठाचं. नोव्हेंबर 2016 मध्ये लुईव्हिलच्या स्टेडियममध्ये वेक फॉरेस्टच्या लोकांना आपल्याच संघाच्या योजनांचे कागद सापडले. चौकशीत निघालं की फोडणारा माणूस संघाचा रेडिओ समालोचक होता. त्याच विद्यापीठाचा माजी खेळाडू, माजी सहायक कोच, आणि म्हणूनच सरावाला मुक्त प्रवेश असलेला. 2014 पासून तो प्रतिस्पर्ध्यांना माहिती पुरवत होता. ती माहिती घेणाऱ्या लुईव्हिल आणि व्हर्जिनिया टेक यांना प्रत्येकी 25 हजार डॉलर दंड झाला. पत्रकारांसाठी दार लावलं तरी हा गडी आतच राहिला असता. मिशिगनच्या 2023 च्या प्रकरणात तर सरावाचा संबंधच नव्हता. तिथे तिकिटं काढून, स्टँडमध्ये बसून प्रतिस्पर्धी कोच मैदानाबाहेरून खेळाडूंना करतात ते इशारे टिपले गेले होते.

पळवापळवीचं कारण

हे नवं कारण, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात वजनदार ठरलेलं. एप्रिलमधला स्प्रिंग गेम म्हणजे सरावाची रंगीत तालीम: आपलाच संघ दोन तुकड्यांत विभागून, भरल्या स्टेडियमसमोर. गर्दी किती? कोच निक सेबन यांच्या पहिल्या वर्षी, 2007 मध्ये, अलाबामात 92,138. ओहायो स्टेटमध्ये 2016 साली 1,00,189. सामन्याचं तिकीट ज्या कुटुंबाला परवडत नाही ते पोराबाळांसह इथे येतं. चाहत्यांच्या बाजूने एवढा एक मुद्दाही मला पुरेसा वाटतो.

तरी 2025 मध्ये नेब्रास्काचे कोच मॅट रूल यांनी नेहमीचा स्प्रिंग गेम बंद केला. 1962 पासून जिथे घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपतात, त्या नेब्रास्कात! त्यांचं म्हणणं सरळ होतं: टीव्हीवर आमची पोरं चमकली की इतर संघ त्यांच्या मागे लागतात. त्याच वर्षी टेक्सासनेही स्प्रिंग गेम घेतला नाही. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, संघ बदलणं सोपं झालंय, आणि 2025-26 पासून विद्यापीठ स्वतःच खेळाडूंमध्ये पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. एप्रिलच्या मध्यात ट्रान्सफर पोर्टलची खिडकी, म्हणजे संघ बदलण्यासाठी नाव नोंदवायची मुदत, उघडायची, म्हणजे स्प्रिंग गेम तिच्या उंबरठ्यावरच.

पण तुम्ही आज निर्णय घेणार असाल तर हे बघा: एनसीएएने फुटबॉलची एप्रिलची खिडकी काढून टाकली. 2026 पासून फक्त जानेवारीत. एप्रिलमध्ये चमकलेला राखीव खेळाडू आता लगेच उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे या युक्तिवादाची निम्मी हवा गेली आहे. कोच मात्र तो सोडतील असं वाटत नाही. शिवाय कोच ज्याला पळवापळवी म्हणतो ती त्या तिसऱ्या फळीतल्या पोराच्या दृष्टीने संधी असते. त्याला कोणी बघूच नये, ही सोय नक्की कुणाची?

दुखापत आणि सट्टा

मे 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या सट्ट्याचा निर्णय राज्यांवर सोपवला आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, सुजलेल्या घोट्यालाही बाजारभाव आला. बंद दारांनी हा भाव उतरत नाही, वाढतो. मग संघाचा डबा-पाणी बघणाऱ्या विद्यार्थ्याला, खेळाडूच्या रूममेटला लोक गाठतात. याला बरा उपाय लीगनी शोधलाय: बिग टेनने 2023 पासून आणि एसईसीने 2024 पासून लीगमधल्या सामन्यांआधी कोण खेळणार, कोण नाही याची यादी जाहीर करायला लावली. माहिती सगळ्यांना एकदम मिळाली की चोरीला अर्थ उरत नाही.

इथे मात्र चाहत्यांना बंदीच्या बाजूचा एक मुद्दा मला पटतो. 19 वर्षांचा पोरगा मैदानात कळवळत पडलाय आणि त्याच्या आईला कळायच्या आत तो व्हिडिओ हजारोंनी बघितलाय, हे कुठल्याच संघाला नको असतं. अशा वेळी पत्रकार थांबू शकतो, थांबायला लावता येतो. गर्दी नाही.

आणि एक गोष्ट, जी या वादात क्वचित निघते. मे 2018 च्या अखेरीस मेरीलँडमध्ये जॉर्डन मॅकनेअर हा खेळाडू व्यायामसत्रात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. संघातल्या दहशतीच्या वातावरणाची बातमी पत्रकारांनी बाहेर काढली ती ऑगस्टमध्ये. बाहेरचा कोणी तिथे उभा असता तर तो वाचलाच असता असं कोणी म्हणू शकत नाही. पण अशी व्यायामसत्रं कुठल्याच ‘खुल्या’ धोरणात बसत नाहीत, हे मत देताना लक्षात ठेवा.

मग मत काय द्यावं?

नवा कोच, पडलेला संघ, रिकामे स्टँड अशी स्थिती असेल तर जवळपास सगळं उघडा. लपवण्यासारखं फारसं नसतंच. नवे कोच डिऑन सँडर्स यांनी 2023 मध्ये कोलोरॅडोच्या स्प्रिंग गेमची सगळी तिकिटं विकून दाखवली, बर्फ पडत असताना 47 हजारांवर लोक आले होते, आणि आदल्या सीझनमध्ये त्या संघाने एकच सामना जिंकला होता.

संघ अव्वल असेल तर मी असं सुचवेन: स्प्रिंग गेम आणि ऑगस्टमधले एक-दोन शनिवार चाहत्यांना. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे पत्रकारांना पूर्ण सराव, प्ले लिहायचे नाहीत या अटीवर. सामन्याच्या आठवड्यात चाहत्यांना बंद. पत्रकारांना रोज पहिली 15 मिनिटं देण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे ती मला निव्वळ देखावा वाटते. पाय ताणणाऱ्या खेळाडूंचे फोटो घेऊन कोणाचं भलं झालंय? त्यापेक्षा आठवड्यातून एक सराव पूर्ण बघू द्या. त्यात विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राच्या बातमीदाराला टीव्हीवाल्यांइतकाच प्रवेश हवा. आणि उन्हाळ्यातल्या व्यायामसत्रांना, कोचच्या हाताखाली नसलेला आणि सत्र थांबवण्याचा अधिकार असलेला डॉक्टर हजर असावा, ही अट लेखी मागा.