कानपूरच्या गाद्या-पट्ट्या आणि मैनेचे भरलेले पाय

घोडीच्या पायांना बांधायच्या चार गाद्या आणि चार फ्लॅनेलच्या पट्ट्या असा संच मागच्या सप्टेंबरात कानपूरहून मागवला. कुरिअरसकट २,८३० रुपये पडले. वर्षभर वापरल्या, एकदा उसवलेली कड घरी शिवली, चिखलात भरल्या, धुतल्या. आता खात्रीनं सांगते, घ्या. मात्र घ्यायच्या आधी पायाला आलेली सूज कसली आहे ते हातानं चाचपून बघा. मी उलटं केलं. आधी बांधायचं सामान आणलं आणि सूज ओळखायला नंतर शिकले. त्याचं दुखणं मैनेला सोसावं लागलं.

मैना म्हणजे आमची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, पंचकल्याणी घोडी. चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. आमच्या अकलूजलाच घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, पण आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मनासारखी पंचकल्याणी तिथं मिळेना. म्हणून ते दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेला गेले आणि ही घेऊन आले. रात्रभर टेंपोत उभी राहून आलेली घोडी सकाळी अंगणात उतरवली, तर मागचे दोन्ही पाय गुडघ्याखाली केळीच्या खांबासारखे झालेले. माझ्या पोटात गोळाच आला. आबांनी वाकून नळीवर, म्हणजे गुडघा ते घोटा या भागावर, अंगठा दाबला, सोडला. खड्डा तसाच राहिला. मग दोन्ही पायांना तळहात लावून बघितला, थंड. घोडी पाय टेकवत होती, चारा ओढत होती.

"भिऊ नका सूनबाई," आबा म्हणाले, "उभं राहून पाय भरल्यात. फिरवली की उतरतंय."

कालव्याच्या कडेनं तासभर हातात दोर धरून चालवली. परत आली तेव्हा घोट्याच्या वरची हाडाची आणि शिरेची रेघ पुन्हा दिसायला लागली होती.

असं का होतं ते पुढं डॉक्टरांनी समजावलं. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, आणि वर कातडी. आपल्या पोटरीचं मांस आवळतं तेव्हा खालचं पाणी वर ढकललं जातं, तशी सोय घोड्याच्या पायात खाली नाही. चालताना खूर जमिनीवर दबतो, सांधे वाकतात, वरचे स्नायू हलतात, त्यावरच सगळा परतीचा प्रवाह चालतो. घोडी जागच्या जागी बांधून ठेवली की पाणी खालीच साचतं, आणि मागच्या पायात जास्त. आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून, दिवसभर उभ्या ठेवलेल्या, वर चंदी म्हणजे दाणा भरपूर खाणाऱ्या घोड्यांचे पाय भरतात ते यामुळंच. दुखणं नव्हे हे, पण रोजचं झालं तर बरंही नव्हे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसानं झोडपलं. आमची काळी माती, गोठ्याबाहेर पाऊल टाकलं की घोडी नळीपर्यंत रुतायची. चार-चार दिवस फिरवणं बंद. रोज सकाळी पाय भरलेले. मी मोबाईलवर शोधून वेल्क्रोचे तयार बूट मागवले. काळे, रबरासारख्या जाड कापडाचे, आतून गुळगुळीत. नाव लिहीत नाही, कारण तसलेच बूट दहा नावांनी विकायला आहेत. दोन मिनिटांत घालून होतात याचंच मला कौतुक वाटलं होतं. रात्री घातले की सकाळी पाय खरंच बारीक दिसायचे. पण बूट घोट्यावर घसरलेले असायचे आणि आत हात घातला की घामानं ओलंचिंब. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी आणि नाजूक असते. आठवड्यात उजव्या मागच्या पायाच्या घोट्यामागं भेगा पडल्या, खपल्या धरल्या. मी हळद-तेल लावलं आणि वर पुन्हा बूट चढवले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक सकाळ अशी उजाडली की मैना दाण्याकडं बघेना. उजवा मागचा पाय खुरापासून पार मांडीपर्यंत सुजलेला, नुसता पाय राहिला नव्हता तो, पाण्याचा पाईप झाला होता. हात जवळ नेला तरी धग लागत होती. बोट टेकवलं तशी तिनं पाय पोटाशी उचलून धरला आणि तसाच थरथरत ठेवला. डावा पाय मात्र नेहमीसारखा, थंड. थर्मामीटर लावला तर १०४ च्या वर. घोड्याचं नेहमीचं तापमान ९९ ते १०१ असतं.

त्या दिवशी दोन सल्ले आले. एक म्हणाला डाग द्या, दुसरा म्हणाला शीर कापून रक्त काढा. दोघांनीही आपुलकीनंच सांगितलं, पण आबांनी ठाम नकार दिला. लहानपणी डाग दिलेली घोडी त्यांनी बघितली होती. जळलेल्या कातडीची जखम महिनाभर वाहत होती आणि लंगडं चालणं काही गेलं नव्हतं. दुपारी डॉक्टर आले. भेगांतून जंतू आत शिरून कातडीखाली पसरलेत म्हणाले. अँटिबायोटिक, सूज-वेदनेचं इंजेक्शन, धनुर्वाताचं इंजेक्शन. बूट बघितले आणि बाजूला ठेवले. "ओल्या कातडीवर हे रात्रभर म्हणजे जंतूंना घर बांधून दिल्यासारखं," एवढंच बोलले.

पाच दिवस दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं बोअरच्या गार पाण्याची धार पायावर सोडायची. मी घड्याळ लावून बसायचे. धार वरून मारायची नाही, घोट्यापासून हळूहळू वर न्यायची. पहिल्या दिवशी ती नाचायची, तिसऱ्या दिवशी डोळे मिटून उभी राहायला लागली. ताप उतरला, पाय टेकवायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थोडं थोडं चालवा आणि उभी असेल तेव्हा जाड गादी लावून पट्टी बांधा. तयार बूट नको.

खोगिराचं, लगामाचं, घोड्याच्या सगळ्या चामडी-कापडी सामानाचं मोठं काम कानपूरला चालतं, देशाबाहेरही तिथून जातं. फोनवर तिथल्या कारखानदारानं आधी विचारलं, घोडी किती उंच, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत किती. मी टेप घेऊन गोठ्यात गेले आणि मोजून सांगितलं. सहाव्या दिवशी पार्सल आलं.

गादी म्हणजे आपल्या लहान बाळाच्या दुपट्यासारखी, पण जाड. वरून पांढरं सुती कापड, आत कापूस, चौकटीची शिलाई. नवी असताना अंगठ्याच्या रुंदीइतकी जाड होती. पायाभोवती दीड-दोन वेढे जातात, म्हणजे पट्टी आणि कंडरा यांच्यात दोन बोटं गादी राहते. सगळा पैसा वसूल होतो तो या जाडीत. पट्टी नुसती आवळायला असते. ती पायाला थेट किंवा पातळ फडक्यावर आवळली तर नळीमागच्या कंडरेत एका जागी काच बसतो आणि तिथं कायमची इजा होते. औषधाच्या दुकानातलं ताणाचं क्रेप बँडेज कुणी सुचवलं तर म्हणूनच घेऊ नका. ते ताणलं की किती आवळलं गेलंय ते हाताला कळत नाही. फ्लॅनेलला ताण जवळजवळ नाही. जेवढं ओढाल तेवढंच बसतं.

बांधायला आबांनी शिकवलं. त्यांच्या तरुणपणी गाद्या नव्हत्या. जुन्या घोंगडीची जाड घडी घ्यायची आणि वर धोतराच्या पट्ट्या. पाय आधी कोरडा, केसांतली माती खराऱ्यानं काढलेली. गादीला एकही सुरकुती नको. पट्टी नळीच्या मध्यावर सुरू करायची, खाली घोट्याला वळसा घालून पुन्हा वर. वरून बघितलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलट, उजव्याला घड्याळाप्रमाणं, म्हणजे मागची कंडरा बाहेरून आत ओढली जाते. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. ओढायचं ते पुढं हाडावर, मागं कंडरेवर कधीच नाही. वर आणि खाली बोटभर गादी उघडी ठेवायची, म्हणजे पट्टीची कड कातडीला लागत नाही. शेवटी वरच्या काठात बोट सरकलं पाहिजे, पण सहज फिरता कामा नये. पहिल्यांदा मला एका पायाला अर्धा तास लागला. आता सहा-सात मिनिटं. दुखरा पाय एकच असला तरी जोडीचा पायही बांधते, कारण सगळा भार त्याच्यावर जातो.

संध्याकाळी सातला बांधते, सकाळी सहाला सोडते. सोडल्यावर तळहातानं नळी पुसत खाली जाते. कातडी कोरडी, केस गादीच्या शिलाईनं चौकटी-चौकटीत दबलेले. पंधरा दिवसांत उजवा पाय उतरला. पूर्ण नाही. त्या पायाची नळी आजही डावीपेक्षा जराशी जाड आहे, आणि एकदा असा पाय सुजला की पुन्हा भरायची खोड राहते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून पावसाच्या दिवसांत, फिरवायला जमलं नाही तर, रात्री गाद्या. बाकी दिवस चालणं. उन्हाळ्यात मी त्या ट्रंकेतच ठेवते. आमच्याकडं एप्रिलात गोठ्यातही अंगाची लाही होते, त्यात पायाला दुलई नको.

आता तक्रारी. चारही गाद्या एकाच मापाच्या आल्या. पुढच्या पायाला बरोबर बसतात, मागच्याला तीन-चार बोटं तोकड्या पडतात. मागची नळी लांब असते, हे कारखानदाराला ठाऊक असायला हवं होतं. पट्टीच्या टोकाचं वेल्क्रो कडब्याच्या कुसळांनी महिन्यात भरलं. सुईनं कुसळं काढत बसावं लागतं, मी आता वरून कापडी चिकटपट्टीचा एक सैल वेढा देते. दुसऱ्या धुण्यात एका गादीची कड उसवली. आणि वाळायला फार वेळ. पावसात दोन दिवस तरी पंख्याखाली. ओलसर गादी बांधायची नाही हा माझा नियमच आहे, त्यामुळं एक संच पुरत नाही. खरा खर्च दोन संचांचा धरा.

गादी-पट्टी बांधून चालत नाही अशी सूजही सांगते, कारण फोन करणारे बरेचजण नुसतं "पाय सुजलाय" म्हणतात. दोन्ही मागचे पाय भरलेले, थंड, दाबलं की खड्डा, चालवल्यावर उतरतात, तर आधी फिरवा. एकच पाय गरम, हात लावू देत नाही, लंगडते, ताप आहे, तर डॉक्टर येईपर्यंत फक्त गार पाणी. कंडरेवर, नळीमागं, एकाच जागी फुगवटा असेल तर फिरवूसुद्धा नका. चारही पायांबरोबर पोटाखाली आणि छातीलाही पाणी उतरलं असेल तर दोष पायात नाही, रक्त तपासून घ्या. आणि पायावर माळेसारख्या गाठी उठून फुटत असतील, पू येत असेल, तर पट्टी बांधूच नका, उघड्या हातानं शिवूही नका. घोडी वेगळी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असा दिसू शकतो. तो माणसाला होतो, आणि २००६ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात तो निघाला होता. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं जातो.

आणखी एक, गादीखाली बाम किंवा गरम पडणारं कुठलंही तेल लावू नका. वरून झाकलं की कातडी भाजून निघते.

मागच्या पायांच्या मापाबद्दल मी कानपूरला फोन केला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. मैनेच्या मागच्या नळीचं माप पुन्हा घेऊन पाठवलं, त्याप्रमाणं दोन लांब गाद्या शिवून येणार आहेत, १,१०० रुपयांत. कड दुहेरी शिवा आणि वेल्क्रोऐवजी कापडी नाडी लावा, असंही कळवलंय. तोवर आबा घोंगडीचा तुकडा कापून तोकड्या गादीच्या वर जोडतात, आणि मैना निमूट पाय देते.