जनरेटरचा एव्हीआर-ब्रश संच: इंजिन सुरू, करंट गायब

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, आवाजही नेहमीचाच, पण गाडीतला एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं ठप्प. मोटरहोमचा जनरेटर असा रुसला की बहुतेकांचा पहिला संशय एव्हीआरवर, म्हणजे व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणाऱ्या भागावर जातो. 2 ते 3 किलोवॅटच्या ब्रशवाल्या जनरेटरसाठी अर्धचंद्राच्या आकाराचा एव्हीआर, दोन कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून करंट पोहोचवणारे तुकडे) आणि त्यांचा प्लास्टिकचा होल्डर असा संच सहज मिळतो. वस्तू कामाची आहे. मात्र मागवण्याआधी अर्धा तास मल्टिमीटर हातात धरा. कित्येकदा एव्हीआर डब्यातच राहतो आणि कामाला येतात ते ब्रश.

आधी संच कुणासाठी नाही ते सांगतो. जनरेटर इन्व्हर्टर जातीचा असेल तर यातलं काहीच बसणार नाही. कपॅसिटरवर चालणारा ब्रशलेस असेल तरीही नाही. तिथे कपॅसिटर तपासायचा, तोही आधी डिस्चार्ज करून. मागचं झाकण काढल्यावर रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या टोकाला दोन गुळगुळीत पितळी किंवा तांब्याच्या कड्या आणि त्यांवर टेकलेले ब्रश दिसले, तरच पुढे वाचा.

दोष जनरेटरचा की गाडीचा, हे ठरवणं सोपं आहे. गाडीची केबल काढा आणि जनरेटरच्या स्वतःच्या सॉकेटवर मीटर एसीवर लावून बघा. तिथे 230 व्होल्ट मिळाले (120 व्होल्टच्या प्रणालीत 120), तर जनरेटर निर्दोष आहे, संचाचा विषय संपला. मग गाडीतला ब्रेकर, ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज की जनरेटर, हे बदलणारा) आणि अर्थ लीकेज ब्रेकर बघायचा. ट्रान्सफर स्विच जनरेटरचा करंट लगेच आत घेत नाही, बऱ्याच गाड्यांत 20-30 सेकंद थांबतो. काही गाड्यांत हा स्विच नसतोच. बाहेरची केबल हाताने जनरेटरच्या सॉकेटमध्ये लावावी लागते आणि नेमकं तेच राहून जातं. छतावरचे दिवे लागतात म्हणून करंट आहे असं समजू नका, ते 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात.

सॉकेटवर काहीच नाही? जनरेटरच्या अंगावरचा ब्रेकर पूर्ण खाली ओढून मग वर करा. ट्रिप झालेला खटका अधांतरी राहतो आणि बघणाऱ्याला तो चालू वाटतो.

आता 2 ते 5 व्होल्ट दिसले तर ती खूण मोलाची. रोटरमध्ये उरलेलं चुंबकत्व शाबूत आहे, सॉकेटला वीज देणारं मुख्य वायंडिंगही (तारेचं वेटोळं) तुटलेलं नाही. फक्त रोटरला डीसी पोहोचत नाही. हा डीसी एव्हीआर बनवतो: एक्सायटेशन वायंडिंगचा (एव्हीआरला वीज देणाऱ्या वेगळ्या वेटोळ्याचा) एसी घेऊन, डीसी करून, ब्रशमार्गे कड्यांवर. म्हणजे संशयित तीनच: एव्हीआर, ब्रश, रोटर. मीटर शून्य दाखवत असेल तर चुंबकत्व गेलं असेल किंवा मुख्य वायंडिंग तुटलं असेल. महिनोन्महिने पडून राहिलेल्या जनरेटरचं चुंबकत्व जातं. भर लोडवर इंधन संपून बंद पडला तरीही.

इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली. ब्रशच्या तारा सोडवताना कोणती धन, कोणती ऋण याचा फोटो काढा. दोन्ही ब्रशच्या टर्मिनलांमध्ये रेझिस्टन्स मोजा. या आकाराच्या बऱ्याच जनरेटरांत तो साधारण 40 ते 70 ओहम येतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. अनंत आला तर ब्रश बाजूला करून थेट कड्यांवर मोजा. तिथे आकडा बरोबर आला की दोष ब्रशचा: झिजले असतील, होल्डरमध्ये अडकले असतील किंवा स्प्रिंग मेली असेल. कड्यांवरही अनंत आलं तर रोटरचं वायंडिंग तुटलं आहे आणि हा संच म्हणजे पैसे पाण्यात. कडी आणि रोटरच्या दांड्यामध्ये मात्र काहीच जोडणी दिसता कामा नये.

कड्या काळ्या पडल्या असतील तर बारीक सँडपेपरने हलक्या हाताने साफ करा. एमरी पेपर नको, त्याचे कण करंट वाहतात आणि कड्यांमध्ये अडकून बसतात.

रोटर ठीक निघाला की निकाल 12 व्होल्टच्या बॅटरीवर लावायचा. एव्हीआरच्या सगळ्या तारा सोडवून ठेवा. गाडीतली सगळी उपकरणं बंद. प्लगची वायर परत लावून इंजिन सुरू करा आणि बॅटरीची धन तार धन ब्रशला, ऋण तार ऋण ब्रशला दोन-तीन सेकंद टेकवा. सॉकेटवरचा आकडा झटकन काही दहा व्होल्टांवर उडाला, तर रोटर आणि मुख्य वायंडिंग दोन्ही धडधाकट. गेलेलं चुंबकत्वही याच झटक्यात परत येतं. आता जुना एव्हीआर जोडून पुन्हा सुरू करा. व्होल्टेज आलं तर काही मागवायचं नाही. आलं नाही, तर आधी एक्सायटेशन वायंडिंगची दोन टोकं मोजा. त्यांच्यात जोडणी दिसली तर खुशाल ऑर्डर द्या.

संच निवडताना तीन गोष्टी जुळवा: दोन स्क्रूच्या भोकांतलं अंतर, कनेक्टरचा आकार आणि सेन्सिंग व्होल्टेज (एव्हीआर ज्या तारांवरून जनरेटरचं व्होल्टेज बघतो, त्यांवरचं). तारांच्या रंगांवर विसंबू नका, बनावटीनुसार ते बदलतात. एव्हीआरमधून सहसा सहा तारा निघतात: दोन एक्सायटेशनच्या, दोन सेन्सिंगच्या, दोन ब्रशच्या. तक्रार इथेच आहे. डब्यात बहुधा जोडणीचा कागद नसतो आणि धन-ऋणाची खूण प्लास्टिकवर इतकी पुसट की टॉर्च मारून शोधावी लागते. ब्रशची तार उलटी जोडली तर नवा एव्हीआर व्होल्टेज उभंच करत नाही आणि बिचाऱ्या मालाला नावं ठेवली जातात. होल्डरचं प्लास्टिक ठिसूळ आहे. स्क्रू बसला की थांबा, आणखी पिळू नका. एव्हीआर राळेत भरलेला असल्याने दुरुस्तीचा प्रश्नच नाही, जळला की फेकायचा.

ब्रश मात्र नेटके असतात, होल्डरमध्ये मोकळे सरकतात. कडीच्या मधोमध बसले आहेत ना, हे झाकण लावण्याआधी डोळ्यांनी बघा. कडेवर चढलेला ब्रश लवकर कुरतडला जातो.

पहिल्यांदा सुरू करताना गाडीची केबल लावू नका. सेन्सिंगची तार सैल राहिली तर एव्हीआरला वाटतं व्होल्टेजच नाही, मग तो रोटरला पूर्ण जोर लावतो आणि 230 च्या जागी 300 च्या वरचा आकडा दिसू शकतो. तेवढ्यात फ्रिजचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं. आकडा थोडाच वरखाली असेल तर आधी इंजिनचा वेग बघा: 50 हर्ट्झला मिनिटाला 3000 फेरे, 60 ला 3600. वेग बरोबर असूनही फरक राहिला, तरच एव्हीआरवरचा छोटा स्क्रू, असलाच तर, केसभर फिरवा. हे सगळं मोकळ्या हवेत, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.